दत्ताचं दर्शन आणि सात बिया : सांगली ते चिकमगळूर, पाच दिवस

दिवस पहिला

आधीच सांगून टाकतो, मी चहाचा माणूस. आमच्या घरी कॉफी म्हणजे कोजागिरीला, उपासाला नाहीतर कुणी तापातून उठलं की, दुधात उकळलेली, वरून जायफळ किसलेलं आणि साखर हात सैल सोडून. बायको लग्नाआधी तीन वर्षं बेंगळुरूला नोकरीला होती, ती ह्या प्रकाराला कॉफी म्हणतच नाही, "जायफळाचं दूध" म्हणते. तिचा स्टीलचा फिल्टर लग्नात रुखवतासोबत आला आणि तेव्हापासून आमच्या ओट्यावर सकाळी दोन राज्यं चालतात.

आईचं वेगळंच. ती नरसोबाच्या वाडीची वारीकरीण, पौर्णिमा चुकवत नाही. तिला वाडीत कुणीतरी सांगितलं की चिकमगळूरजवळ डोंगरात दत्तपीठ आहे, गुहेत पादुका आहेत. बायको म्हणाली अहो आई, तोच तर कॉफीचा डोंगर, बाबा बुडनगिरी! झालं. एक मत दत्ताला, एक मत कॉफीला, आणि मी ड्रायव्हर. दत्तजयंतीला तिथं गर्दी आणि पोलीस बंदोबस्त फार असतो म्हणून मार्गशीर्ष टाळला आणि जानेवारीत निघालो, त्यात फायदा असा की तेव्हा कॉफीची तोड चालू असते.

पहाटे साडेचारला मिरज, कागवाड, चिकोडी करत संकेश्वरला हायवेला लागलो. बेळगाव, हुबळी, हरिहर, मग शिवमोग्गा, तरीकेरे. पाचशेच्या आसपास किलोमीटर, रस्ता हरिहरपर्यंत मख्खन, पुढं आपला तो नेहमीचा. हुबळीत इडली खाल्ली, आईनं तिच्या माहेरच्या अथणीच्या कानडीत वेटरशी गप्पा मारून चटणी तीनदा घेतली.

गाडीत बायकोचं चालू होतं. कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाचं, पण ते पिकवून त्याचं पेय करून पिणं हे आधी लाल समुद्राच्या पलीकडं, येमेनमध्ये वाढलं. पंधराव्या शतकात तिथले सूफी लोक रात्रभर जप करायचे, त्यात झोप येऊ नये म्हणून हे प्यायचे. त्याला म्हणायचे कहवा, त्याचं तुर्कीत कहवे, डचांकडं कोफी आणि मग कॉफी. आई मागून म्हणाली, "म्हणजे जागरणाला. आमच्या भजनाच्या बायका बारा वाजता चहा पितात तसंच की." मी आरशात बघून मान डोलावली, चहाला एक पॉइंट.

बायको ऐकते होय. म्हणे १५११ मध्ये मक्केत तिथल्या कारभाऱ्यानं, खैर बेग त्याचं नाव, कॉफीवर बंदी घातली होती. लोक जमतात, बोलतात, टीका करतात, ह्याचा त्रास. बंदी टिकली नाही. मग १५५५ च्या सुमारास इस्तंबूलमध्ये सीरियातल्या दोघांनी, एक अलेप्पोचा, एक दमास्कसचा, कॉफीची दुकानं टाकली. शंभरेक वर्षांनी लंडनमध्ये, १६५२ ला पहिलं. तिथंही १६७५ ला राजा दुसऱ्या चार्ल्सनं कॉफीहाउसं बंद करायचा हुकूम काढला आणि बोंबाबोंब झाल्यावर थोड्याच दिवसांत गिळला. मला हे ऐकून आमच्या कोपऱ्यावरची टपरी आठवली, तिथंही सरकार रोज पडतं.

चिकमगळूरला पोचायला संध्याकाळ झाली. चिक्क मगळ ऊरु म्हणजे धाकट्या लेकीचं गाव, सक्करायपट्टणच्या राजानं धाकटीला हुंड्यात दिलं अशी दंतकथा. आईचा पहिला प्रश्न, "आणि थोरलीला काय दिलं?" आहे, तिचंही आहे, हिरेमगळूर, अगदी लागून. आईला बरं वाटलं.

फ्रेश होऊन आम्ही दोघं एका भारी दिसणाऱ्या कॅफेत गेलो. काचेच्या नरसाळ्यातून ठिबकवलेली कॉफी, दूध नाही, साखर मागितली तर पोरगा असा बघतोय की मी देवळात चप्पल घालून आलोय. चव म्हणाल तर आंबट, चिंचेचं पाणी कोमट केल्यासारखी. बायको पण गप्प बसली म्हणजे बघा. बिल दिलं, बाहेर आलो आणि समोरच्या साध्या हॉटेलात स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी घेतली, ती मात्र, कबूल करतो, आवडली.

दिवस दुसरा

सकाळी लवकर डोंगराकडं. वर जाणाऱ्या गाड्यांवर मर्यादा असते, चेकपोस्टला रांग लागते, त्यामुळं उजाडता उजाडता निघालेलं बरं. ह्या रांगेला चंद्रद्रोण म्हणतात, वरनं बघितलं तर चंद्रकोरीसारखी वळलेली. मुळ्ळय्यनगिरी हे कर्नाटकातलं सगळ्यात उंच शिखर इथलंच, १९३० मीटर. रस्ता अरुंद, एका बाजूला सिल्वर ओकची सरळसोट झाडं, त्यांना मिरीचे वेल पार वरपर्यंत चढलेले आणि खाली सावलीत कॉफीची झुडपं. पुढं झाडं संपली, नुसतं गवत आणि धुकं. समोरची बस दिसेना, फक्त हॉर्न.

गुहेपाशी पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. जागेचं पूर्ण नावच श्री गुरु दत्तात्रेय बाबा बुडनस्वामी दर्गा. दत्तभक्त येतात, बाबांना मानणारे मुसलमान येतात, जागा कुणाची ह्यावर कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालू आहेत आणि पोलीस बाराही महिने बसलेले. मोबाइल आत काढायचा नाही. खाली उतरून वाकून आत शिरायचं, आत ओल, अंधार, पादुका आणि जवळच मजारी. आई बराच वेळ हात जोडून उभी राहिली. माझ्या शेजारी हिरवी टोपी घातलेला एक म्हातारा पण तसाच हात पसरून उभा. दोघं एकदमच बाहेर आले आणि पायऱ्यांवर दोघांनी एकदमच गुडघे धरले. बाकी वादावर मी बोलणार नाही.

बाहेर एका टपरीवर मॅगी आणि मिरची भजी. धुकं इतकं की प्लेटमधली वाफ आणि बाहेरचं धुकं वेगळं करता येईना. तिथं बसून बाबा बुडन यांची गोष्ट झाली. सतराव्या शतकातले सूफी, हजला गेले, परत येताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया कमरेला बांधून लपवून आणल्या आणि ह्या डोंगरात लावल्या. लपवून का, तर अरब व्यापारी कच्चं, उगवेल असं बी बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, उकळून किंवा भाजूनच विकायचे. साल बहुतेक ठिकाणी १६७० सांगतात, पण त्याला लेखी पुरावा नाही, दंतकथाच आहे ती.

मला एक शंका आली. आमचा शेतीतला अनुभव असा की बी जुनं झालं की उगवत नाही. गलबतातून अरबी समुद्र पार करायचा, मग किनाऱ्यावरनं घाट चढून इथवर यायचं, आणि त्यात सातच बिया. सात पेरल्या तर सात उगवत नाहीत. दोन-तीन उगवल्या तरी एवढ्यावर मळे कसे उभे राहतील? बायको म्हणाली, दंतकथा आहे, हिशोब कशाला करतोस. पण हळदीच्या गावचा माणूस आहे मी, बेण्याचा हिशोब केल्याशिवाय झोप येत नाही.

पुढचं मात्र कागदोपत्री आहे आणि ते दंतकथेपेक्षा भन्नाट आहे. १६९६ मध्ये डचांनी मलबारातून, कन्नूरहून, कॉफीची रोपं जावा बेटावर नेली. ती पुरात गेली. १६९९ ला परत नेली, ती जगली. म्हणजे जावाच्या कॉफीचं माहेर आपला किनारा. आता मलबारात ती कुठनं आली असेल? सरळ येमेनहूनही येऊ शकते, पण ह्या डोंगराकडं बोट दाखवायचा मोह कुणालाही होईल. मग १७०६ ला जावातून एक रोप ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात गेलं, तिथं काचघरात वाढवलं, त्याच्या बियांपासनं झालेलं एक झाड १७१४ ला ॲमस्टरडॅमकरांनी फ्रान्सच्या चौदाव्या लुईला नजर केलं. पॅरिसच्या बागेत त्याचीही पिल्लावळ झाली. तिथनं १७२३ च्या सुमारास द क्लियू नावाचा नौदलातला अधिकारी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर रोप घेऊन गेला. वाटेत जहाजावर पाणी संपत आलं तर स्वतःच्या वाटणीचं पाणी त्यानं रोपाला घातलं, असं त्यानंच पुढं लिहून ठेवलंय. (स्वतःच लिहिलंय, म्हणजे थोडं मीठमसाला धरून चाला.)

आणि ब्राझील! १७२७ ला पाल्हेता नावाचा पोर्तुगीज अधिकारी फ्रेंच गयानात सरहद्दीचं भांडण सोडवायला गेला, येताना कॉफीचं बी घेऊन आला. गोष्ट अशी की गव्हर्नरच्या बायकोनं निरोपाच्या फुलांच्या गुच्छात लपवून दिलं. फुलांचं खरंखोटं देव जाणे, बी आलं हे खरं, कारण आज जगात सगळ्यात जास्त कॉफी ब्राझील पिकवतो.

आई भजी खात ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे सगळे चोरच."

"चोर कसले आई, एक फकीर, एक नोकरदार, एक गव्हर्नरची बायको."

"तेच म्हणते मी. बघून वाटायचं नाही कुणाला."

परतताना धुकं उडालं आणि खाली सगळी दरी उघडली. माणिक्यधारा धबधब्यापर्यंत गाडी नेली, पण आईचे गुडघे आणि तिथल्या पायऱ्या ह्यांचं जमलं नाही, मी एकटाच उतरून आलो. पाणी बेताचं होतं.

दिवस तिसरा

आज मळा. आम्ही उतरलो होतो त्या होमस्टेवाल्याच्या ओळखीचे एक गौडरू, त्यांचा मळा ह्याच डोंगराच्या उतारावर, कैमऱ्याच्या पुढं. वय सत्तरीचं, डोक्याला कानटोपी, हातात काठी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्याच्यावर न्यूयॉर्कचा भाव. अरेबिका आणि रोबस्टा ह्या कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कला ठरतो, रोबस्टाचा लंडनला, हे सकाळी उठून बघायचं आणि मग दात घासायचे, असं म्हणाले. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आमच्याकडं हळदीचा वायदा असाच बघतात. आईची अथणीची कानडी ऐकून ते आधी हसले आणि मग तिच्याशीच बोलत राहिले. आम्हाला काय कळायचं ते आईच्या भाषांतरातून, आणि तिला न आवडलेलं ती गाळायची.

तोड चालू होती. बायका कमरेला पोती बांधून झुडपातून फिरतात, फक्त लाल फळ तोडायचं, हिरवं ठेवायचं, त्यामुळं एकाच झाडावर तीनतीन फेऱ्या होतात. किलोवर पैसे. निम्म्या बायका जवळपासच्या, निम्मी माणसं आसामकडची, ती तिथंच 'लाइन'मध्ये राहतात, लाइन म्हणजे कामगारांच्या खोल्यांची चाळ. ह्या सगळ्यांवर देखरेख करणाऱ्याला म्हणतात 'रायटर'. मला आधी वाटलं कुणी लेखक आहे.

गौडरूंनी एक फळ तोडून आईच्या हातावर ठेवलं. बोराएवढंही नाही, करवंदाएवढं, गडद लाल, साल जाडसर. दाबलं की फळातनं दोन बिया सुळकन बाहेर, सपाट बाजू एकमेकींना चिकटलेल्या, वर बुळबुळीत गोड चिकटा. गर असा नाहीच, चोखायचं आणि टाकायचं. आईनं चोखलं, म्हणाली गोड आहे की. आणि कॉफीचा वास? काही नाही! बी नाकाला लावली तर ओल्या वाटाण्यासारखा कच्चट वास. भाजल्याशिवाय तिच्यात कॉफी नाहीच. हे मला कधी सुचलंच नव्हतं, मी मळ्यात शिरताना वास यायची वाट बघत होतो.

एखाद्या फळात दोन ऐवजी एकच गोल बी निघते, वाटाण्यासारखी. तिला पीबेरी म्हणतात, वेगळी निवडून काढून महाग विकतात. आईनं चार-पाच फळं फोडून बघितली, एकात सापडली, लहान मुलीसारखी खूश.

मग मी माझी कालची शंका काढली. सात बियांतनं मळे कसे? गौडरू थांबले, काठी जमिनीत रोवली, आणि जे सांगितलं त्यासाठी तरी मी परत तिथं जाईन. म्हणाले, बी वाळवून खडखडीत केली तर लवकर मरते, पण टरफलासकट, थोडी ओलसर राहिली तर दोन-तीन महिने सहज टिकते. वारा धरून गलबत आलं तर मोखाहून आपला किनारा काही आठवड्यांचा. ते जमतं. आणि सात कशाला, एक उगवली तरी पुरे. अरेबिकाच्या फुलात स्वतःचं स्वतःला परागण होतं, दुसरं झाड लागत नाही. एक झाड मोठं झालं की तीन-चार वर्षांत फळाला येतं, आणि मग हजारो बिया. रोबस्टाचं तसं नाही, तिला दुसरं झाड जोडीला लागतंच लागतं. म्हणजे रोबस्टाचं एकच रोप बोटीतून नेलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती.

म्हणजे बघा, ॲमस्टरडॅमचं एक झाड, पॅरिसचं एक, मार्टिनिकचं एक, हे नुसतं गोष्ट रंगवायला एक-एक केलेलं नाही, ते खरंच एकावर भागतं. मी तिथंच उभा राहून हिशोब मांडला. ब्राझीलपासून जावापर्यंत जगभर पसरलेली ही सगळी अरेबिका म्हणजे पाच-दहा झाडांची भावकी! एका वाड्यातले सगळे. गौडरू म्हणाले, बरोबर, आणि भावकीत एकाला रोग झाला की...? पुढचं वाक्य त्यांनी उद्यावर ठेवलं, "बाळेहोन्नूरवरनं जाणार ना, तिथं समजेल."

पल्परचा, म्हणजे साल काढायच्या यंत्राचा, खडखडाट दुपारी सुरू झाला. फळं आधी पाण्याच्या हौदात, पोकळ असतील ती तरंगतात, ती वेगळी. मग यंत्रात साल एकीकडं, बिया एकीकडं. सालीचा लाल ढीग, त्यावर माश्या, आंबूस वास, तो वास मात्र आमच्या बेदाण्याच्या शेडची आठवण करून देणारा. बिया हौदात एक-दीड दिवस आंबवायच्या म्हणजे चिकटा सुटतो. सुटला का हे कसं कळतं? गौडरूंनी कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बिया काढून तळव्यांत चोळल्या. बुळबुळ लागली तर अजून वेळ आहे, वाळू-खड्यासारखा करकर आवाज आला की धुवायला घ्यायचं. मी पण चोळल्या, माझ्या निसटून हौदात. मग धुऊन खळ्यावर वाळवण, दर तासाला फावडं फिरवायचं, रात्री ताडपत्री, दव पडू द्यायचं नाही. हळद शिजवून वाळत घालतो तेव्हा असंच खळं असतं आमचं, फक्त इथलं पिवळं नाही, फिकट हस्तिदंती. पाच-सहा किलो फळं तोडावी तेव्हा एक किलो कॉफी. त्या कमरेच्या पोत्याकडं मी परत एकदा बघितलं.

पूर्वी सगळी कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या पूलमध्येच, म्हणजे सामाईक साठ्यातच, द्यावी लागायची, १९४० च्या दशकापासून, ते बंधन १९९० च्या दशकात उठलं. तेव्हापासून गौडरूंचा न्यूयॉर्कशी संबंध आला. त्याच बोर्डाच्या आधीच्या कमिटीनं १९३६ ला मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस काढलं होतं, पुढं ती बंद व्हायला लागल्यावर १९५७ पासून कामगारांनीच सोसायट्या करून चालवायला घेतली, हे ज्ञान बायकोचं.

चार वाजता कामाची सुट्टी झाली आणि ॲल्युमिनियमच्या किटल्या आल्या. मी पेला पुढं केला. कोरा चहा! आसामच्या त्या पोरांचा, गुळमट, कडक. कॉफीच्या मळ्यात बसून मी तीन दिवसांतला सगळ्यात चांगला चहा प्यायलो. बायकोकडं बघितलं नाही, बघायची गरज नव्हती.

त्यांच्यात बसल्यावर एक मात्र डोक्यात राहिलं. काल द क्लियूच्या पाण्याची गोष्ट ऐकली, पण त्या रोपाचं कॅरिबियनमध्ये पुढं काय झालं? सांदोमिंग, म्हणजे आजचं हैती, १७८० च्या दशकाच्या शेवटी जगातली जवळजवळ निम्मी कॉफी एकटं पिकवत होतं, आणि ती सगळी आफ्रिकेतनं पकडून आणलेल्या गुलामांच्या हातची. १७९१ ला त्यांनी उठाव केला, मळे जाळले. ब्राझीलमध्ये तर गुलामगिरी १८८८ ला बंद झाली. बोटीवर एकाच्या वाटणीचं पाणी रोपाला गेलं ते सगळे सांगतात.

दिवस चौथा

शृंगेरी. आईनं नकाशात बघून ठेवलेलं, एवढं आलो तर शारदाम्बा. आल्दूर, बाळेहोन्नूर करत वळणावळणाचा रस्ता, बायकोला दोनदा गाडी थांबवावी लागली, आल्याच्या वड्या कामी आल्या.

बाळेहोन्नूरजवळ केंद्रीय कॉफी संशोधन संस्था. १९२५ ला म्हैसूर संस्थाननं सुरू केलेलं प्रयोग केंद्र. आत जायची परवानगी काढलेली नव्हती त्यामुळं आम्ही गेटाबाहेरच. पण गौडरूंचं अर्धं राहिलेलं वाक्य तिथं पुरं झालं, कारण केंद्र निघालं ते मुळात रोगांपायी. कॉफीच्या पानावरचा तांबेरा. गव्हावर पडतो तसा, पण बुरशी वेगळी. सकाळी निघताना गौडरूंनी मुद्दाम एक जुनं पान दाखवलं होतं, पालथं केलं तर खाली नारिंगी ठिपके. बोट फिरवलं, बोटाला हळद! अगदी आमच्या पेठेतल्यासारखी, वास तेवढा नाही.

ही हळद १८६९ ला श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये दिसली. तेव्हा सिलोन कॉफीचं मोठं नाव होतं, इंग्रजांनी डोंगरच्या डोंगर साफ करून लावलेली, तामिळ मजूर नेलेले. सगळी झाडं भावकीतली, एकालाही रोगाशी लढायची ताकद नाही. वीसेक वर्षांत धंदा बसला. आणि त्या मोकळ्या झालेल्या डोंगरांवर इंग्रजांनी काय लावलं?

चहा!

मी स्टिअरिंगवर टाळीच दिली. सिलोनचा चहा, जो जगभर गेला, तो कॉफीच्या तांबेऱ्यावर उगवला. बायको म्हणाली, दुसऱ्याच्या मयतावर जेवण झालं ते. असेल. रोबस्टा पण त्यानंतरच मळ्यांत पसरली, ती तांबेऱ्याला दाद देत नाही, उकाडा सोसते आणि कॅफिन जवळजवळ दुप्पट. भारतात आज सत्तर टक्क्यांच्या आसपास रोबस्टाच पिकते, तुमच्या इन्स्टंटच्या बाटलीत तीच असते बहुतेक.

अरेबिकावाल्यांनी हात टेकले नाहीत. १९११ च्या सुमारास म्हैसूर संस्थानातल्या दोड्डेनगुड्ड मळ्यात केंट नावाच्या इंग्रज मळेवाल्याला तांबेऱ्याला टिकणारं एक झाड दिसलं, परत एकच झाड बघा, त्याच्या बियांची जात झाली 'केंट्स'. पुढं बाळेहोन्नूरच्या शास्त्रज्ञांनी तिचा संकर करून १९४० च्या दशकात एस ७९५ काढली, त्यात लायबेरिका ह्या वेगळ्याच कॉफीचा पण अंश आहे. भावकीबाहेरची सोयरीक, आई म्हणाली. गौडरूंच्या मळ्यात तीच आहे. आणि ही जात पुढं इंडोनेशियात गेली, तिथं तिला जेंबर म्हणतात. म्हणजे १६९९ ला मलबारातून जावाला रोपं गेली आणि अडीचशे वर्षांनी इकडनंच परत, ह्यावेळी औषध म्हणून.

शृंगेरीत तुंगेच्या काठी मोठे मोठे मासे, आईनं कुरमुरे टाकले. देऊळ देखणं, दर्शन निवांत. तिथं आम्ही सांगलीकर म्हणून जरा मान खाली घालावी असं एक प्रकरण आहे. १७९१ ला टिपूवरच्या स्वारीत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी हा मठ लुटला, आणि दुरुस्तीला, मूर्तीच्या पुन्हा स्थापनेला मदत पाठवली ती टिपूनं, त्याची पत्रं मठात आहेत. तासगावच्या गणपतीला आम्ही दरवर्षी जातो, ते देऊळ ह्याच भाऊंनी बांधायला घेतलेलं. आईला सांगितलं तर तिनं दानपेटीत अजून शंभराची नोट टाकली. म्हणाली, असू दे, हिशोबात.

दिवस पाचवा

निघायच्या आधी कॉफी पावडर. चिकमगळूरच्या एमजी रोडवर भाजणीच्या वासावर चालत जायचं, दुकान चुकत नाही. आईनं पाटी वाचली, पांडुरंग कॉफी, आणि ती दुसरीकडं कुठं यायला तयार नाही. दुकानात विचारतात, चिकोरी किती? चिकोरी हे एक मूळ, भाजून दळतात. नेपोलियनच्या काळात इंग्रजांशी नाकेबंदीची भानगड झाली, कॉफी मिळेना, तेव्हा युरोपात तिचा वापर फोफावला. आपल्याकडं ती चवीची झाली, डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कोरा अर्क, दाट आणि काळाभोर दिसतो. बायकोनं ऐंशी-वीस घेतली, आणि एक पुडी नुसती कॉफी, चिकोरी शून्य. मी एक पाव किलो सत्तर-तीस, स्वस्त म्हणून.

परत तोच रस्ता. हावेरीजवळ पंक्चर, त्यात दीड तास गेला, बाकी सांगण्यासारखं काही नाही. रात्री साडेदहाला घरी.

नंतरचं

हे सगळं लिहायला मार्च उजाडला, आणि बरं झालं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईचा बटवा धुवायला काढला. कमरेला खोचायचा जुना खणाचा बटवा, त्यात सुपारी, चुन्याची डबी, वाडीचा अंगारा, आणि तळाशी चुरगळलेली पाच लाल फळं. बायको माझ्याकडं बघायला लागली, मी आईकडं.

"पडली होती खाली," आई म्हणाली.

पाच फळांच्या दहा व्हायला हव्यात, झाल्या नऊ, एक गोल निघाली. आईनं राखेत घोळवून तुळशीशेजारच्या कुंडीत खोचल्या, वर ओलं पोतं. सांगलीचं ऊन बघता मी म्हटलं, एक उगवली तरी गौडरूंना फोन करीन. पन्नासेक दिवस काहीच नाही. मग परवा सकाळी पोतं उचललं तर दोन काड्या वर आलेल्या, काडेपेटीतल्या काडीएवढ्या, आणि प्रत्येकीच्या टोकावर आख्खी बी तशीच, टरफलासकट. गौडरूंना फोन लावला, ते फोनवर हसायला लागले, म्हणाले ह्याला आमच्याकडं टोपीच म्हणतात, बी टोपीसारखी डोक्यावर घेऊन येते, पंधरा दिवसांत टोपी पडेल आणि दोन गोल पानं निघतील, तोवर बोट लावू नका. फळं कुठनं आली हे त्यांनी विचारलं नाही.

आई रोज सकाळी आधी तुळशीला आणि मग त्यांना पाणी घालते, हात जोडते. मी म्हटलं अगं, ती गुहेतली नाहीत, मळ्यातली आहेत, दत्ताचा प्रसाद कसला?

"डोंगर एकच की," ती म्हणाली, आणि पोतं नीट केलं.